सॉफ्टवेअर कंटेनर : उभारणी व संरचना-व्यवस्थापन

सॉफ्टवेअर कंटेनर : एखादी आज्ञावली आणि ती चालण्यासाठी लागणाऱ्या लायब्रऱ्या, साहाय्यक फाइली व ठरावीक मूल्ये यांचा एकत्र बांधलेला आणि यजमान संगणकावरील इतर आज्ञावलींपासून अलग ठेवून चालविला जाणारा संच. असा कंटेनर एका संगणकावर हाताने चालविणे सोपे असते. परंतु तो शेकडो संगणकांवर एकसारखा उभारावयाचा, वेळोवेळी बदलावयाचा आणि त्याची स्थिती कोणालाही पडताळून पाहता येईल अशा रीतीने नोंदवून ठेवावयाची, तर त्यासाठी संरचना-व्यवस्थापनाची साधने वापरावी लागतात. संगणकावर कोणत्या आज्ञावली, कोणत्या आवृत्तीच्या व कोणत्या मांडणीने असाव्यात याचे लेखी वर्णन करून प्रत्यक्ष संगणक त्या वर्णनाशी जुळता ठेवणे म्हणजे संरचना-व्यवस्थापन होय. अँसिबल, पपेट, शेफ व सॉल्ट ही त्याची प्रचलित साधने आहेत. प्रस्तुत नोंदीत कंटेनरांची घडण व इतिहास, व्यवस्थापनाची तत्त्वे, प्रत्यक्ष उभारणीची रीत आणि मुख्यतः कंटेनर व ही साधने यांच्यातील कामाची विभागणी यांचे विवेचन केले आहे.

नाव व संकल्पना : मालवाहतुकीच्या प्रमाणित पेटीवरून कंटेनर हे नाव आले आहे. माल्कम मक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे अशा ५८ पेट्या नेल्या. पेटीत कोणता माल आहे याचा विचार न करता ती बोटीवर वा मालमोटारीवर एकाच रीतीने चढविता-उतरविता येते, हे या पद्धतीचे मर्म होय. सॉफ्टवेअरच्या कंटेनरातही आतील आज्ञावली पायथन भाषेतील असो वा जावा भाषेतील, ती सुरू करणे, थांबविणे व दुसऱ्या संगणकावर हलविणे या क्रिया बाहेरून एकसारख्याच राहतात.

हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. मालाची पेटी जहाजावर अवलंबून नसते. सॉफ्टवेअरचा कंटेनर मात्र यजमान संगणकाचा कर्नेल, म्हणजे परिचालन प्रणालीचा गाभा, वापरतो. त्यामुळे लिनक्ससाठी बांधलेल्या कंटेनराला लिनक्सचाच कर्नेल लागतो आणि एका जातीच्या प्रक्रियकासाठी बांधलेला कंटेनर दुसऱ्या जातीच्या प्रक्रियकावर सहसा थेट चालत नाही. आभासी यंत्राला स्वतःचा कर्नेल असतो. म्हणून ते आकाराने मोठे व सुरू होण्यास मंद, पण अधिक अलग असते. कंटेनर हलका असतो व झटकन सुरू होतो, परंतु त्याच्या व यजमानाच्या मधली भिंत पातळ असते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

घडण : लिनक्सच्या कर्नेलमध्ये कंटेनर नावाची स्वतंत्र वस्तू नाही. कर्नेलमधील दोन सोयींच्या संयोगाने कंटेनर सिद्ध होतो. पहिली सोय नामावकाशांची. नामावकाशामुळे एखाद्या प्रक्रियेला फाइलींची मांडणी, इतर प्रक्रियांची यादी, जाळ्यातील पत्ते, संगणकाचे नाव इत्यादींचे स्वतंत्र दृश्य मिळते. आपण एकट्याच या संगणकावर आहोत असे तिला ‘दिसते’. दुसरी सोय नियंत्रण गटांची. प्रक्रियांच्या एखाद्या गटाने किती स्मृती व प्रक्रियकाचा किती वेळ वापरावा यावर या गटांद्वारे मर्यादा घालता येतात. थोडक्यात, काय दिसावे हे नामावकाश ठरवितो आणि किती वापरता यावे हे नियंत्रण गट ठरवितो.

कंटेनर ज्यापासून सुरू केला जातो त्या बांधीव संचाला प्रतिमा म्हणतात. प्रतिमा एकावर एक रचलेल्या थरांची बनलेली असते. तळाशी परिचालन प्रणालीच्या मूलभूत फाइली, त्यांवर लायब्रऱ्या आणि सर्वांत वर प्रत्यक्ष आज्ञावली अशी सामान्यतः रचना असते. हे थर फक्त वाचता येतात. कंटेनर सुरू होताना त्यांवर एक लिहिण्याजोगा तात्पुरता थर चढविला जातो आणि कंटेनर काढून टाकला की तो थर नाहीसा होतो. एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने प्रतिमेचा अंकीय ठसा काढला जातो. प्रतिमेतील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. प्रतिमा रजिस्ट्री नावाच्या भांडारात ठेवतात आणि तेथून त्या यजमान संगणकांवर आणल्या जातात.

इतिहास : प्रक्रियेला फाइलींचे मर्यादित दृश्य देण्याची कल्पना जुनी आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या विकासकाळात सीएचरूट ही सोय आली. फ्रीबीएसडी प्रणालीच्या ४.० आवृत्तीत (२०००) जेल आणि सोलॅरिस १० मध्ये (२००५) झोन या नावांनी अधिक पूर्ण अलगता उपलब्ध झाली. लिनक्समध्ये पहिला नामावकाश २००२ साली आला. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेले नियंत्रण गटांचे काम जानेवारी २००८ मध्ये कर्नेलच्या २.६.२४ या आवृत्तीत समाविष्ट झाले आणि त्याच वर्षी या सोयी एकत्र वापरणारे एलएक्ससी हे साधन पुढे आले.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेत सँता क्लॅरा येथील पायथन भाषेच्या परिषदेत डॉकर हे साधन प्रथम दाखविले. कर्नेलमधील सोयी तोवर तयारच होत्या. प्रतिमा बांधण्याची सोपी कृती, थरांची रचना आणि प्रतिमांचे सार्वजनिक भांडार ही डॉकरने घातलेली मोलाची भर होय. जून २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन होऊन प्रतिमा व ती चालविण्याची रीत यांची सर्वमान्य प्रमाणे ठरविण्यात आली. त्यामुळे एका साधनाने बांधलेली प्रतिमा दुसऱ्या साधनाने चालविता येते. उदा., रेड हॅट कंपनीने विकसित केलेले पॉडमन हे साधन सतत चालू राहणाऱ्या मध्यवर्ती सेवेशिवाय त्याच प्रतिमा चालविते.

संरचना-व्यवस्थापनाची तत्त्वे : संगणकांची संख्या वाढली की हाताने केलेले बदल सर्वत्र सारखे राहत नाहीत. एका संगणकावर रात्री घाईने केलेली दुरुस्ती दुसऱ्यावर करावयाची राहते, एखादी फाइल कोणी व का बदलली याची नोंद राहत नाही आणि मूळ प्रशासक सोडून गेला की त्या संगणकाविषयीचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. स्टीव्ह ट्रॉगॉट व लान्स ब्राउन यांनी २००२ साली मांडलेल्या निबंधात संगणकांच्या देखभालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांना अपसरण, अभिसरण व एकरूपता म्हणता येईल. अपसरणात आरंभी सारखे असलेले संगणक काळानुसार एकमेकांपासून व इष्ट स्थितीपासून दूर जातात. अभिसरणात एखादे साधन वारंवार तपासणी करून त्यांना इष्ट स्थितीकडे ओढत राहते. तथापि ज्या गोष्टींचे वर्णनच केलेले नसते, त्या तशाच राहून जातात. एकरूपतेत प्रत्येक संगणक कोऱ्या स्थितीपासून त्याच क्रमाने त्याच कृती करून घडविला जातो. म्हणून तो वर्णनाशी पूर्णतः जुळतो. कंटेनर व व्यवस्थापन-साधने यांचे परस्परसंबंध समजण्यास हे वर्गीकरण फार उपयुक्त आहे.

अभिसरणाची पद्धत प्रथम सुव्यवस्थितपणे मार्क बर्जेस यांच्या सीएफ-एंजिन या साधनात दिसते. ते १९९३ साली ऑस्लो येथे तयार झाले. त्यानंतर पपेट (२००५), शेफ (२००९), सॉल्ट (२०११) व अँसिबल (२०१२) ही साधने आली. या सर्वांत एक समान तत्त्व आहे. ‘अमुक आज्ञा चालव’ असे न सांगता ‘अमुक स्थिती असावी’ असे सांगावयाचे. स्थिती तशीच असेल तर साधन काहीही करीत नाही आणि नसेल तर आवश्यक तेवढाच बदल करते. म्हणून तेच वर्णन कितीही वेळा लागू केले तरी अंतिम स्थिती तीच राहते. या गुणधर्माला पुनरावृत्ति-निरपेक्षता म्हणता येईल. गणितात एखाद्या संख्येचे निरपेक्ष मूल्य एकदा काढले काय किंवा दहा वेळा काढले काय, उत्तर तेच येते, तसेच हे आहे. ‘फाइलीच्या शेवटी ही ओळ जोड’ ही आज्ञा तीनदा दिल्यास ओळ तीनदा येते. ‘फाइलीत ही ओळ असावी’ हे वर्णन तीनदा लागू केले तरी ओळ एकदाच राहते.

साधनांचे प्रकार : कार्यपद्धतीवरून या साधनांचे दोन प्रकार पडतात. पपेट व शेफ यांच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक संगणकावर एक प्रतिनिधी आज्ञावली असते. ती ठरावीक काळाने मध्यवर्ती सर्व्हरकडून आपले वर्णन मागवून घेते आणि लागू करते. दोहोंत हा काळ मुळात ३० मिनिटांचा ठेवलेला असतो. अँसिबलमध्ये असा प्रतिनिधी नसतो. प्रशासकाच्या संगणकावरून एसएसएच या सुरक्षित मार्गाने प्रत्येक यजमानाशी संपर्क साधून काम केले जाते. यजमानावर सामान्यतः पायथन असले म्हणजे पुरते. सॉल्टमध्ये मध्यवर्ती संगणक आपल्या प्रतिनिधींशी सतत जोडलेला असतो व त्यांना आज्ञा तत्काळ पोहोचवितो.

पहिल्या प्रकारात कोणी हाताने केलेला बदल अर्ध्या तासात आपोआप पूर्ववत होऊ शकतो. अँसिबल मात्र चालविले जाईल तेव्हाच तपासणी करते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात झालेले अपसरण त्याला कळत नाही. याउलट अँसिबलची उभारणी सोपी असते आणि कोणत्या संगणकावर कोणत्या क्रमाने काम व्हावे हे त्यात सहज ठरविता येते. यामल या साध्या लेखनपद्धतीत लिहिलेल्या त्याच्या वर्णनाला प्लेबुक आणि यजमानांच्या यादीला इन्व्हेंटरी म्हणतात.

यजमानाची तयारी : कंटेनर चालविण्यापूर्वी यजमान संगणक सिद्ध करावा लागतो. हे काम संरचना-व्यवस्थापनाच्या मूळ क्षेत्रातीलच आहे. त्याचे टप्पे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात : (१) परिचालन प्रणालीचे नाव व आवृत्ती तपासणे, (२) कंटेनर साधनाच्या प्रकाशकाचे भांडार व त्याची पडताळणी-चावी नोंदविणे, (३) ठरविलेल्या आवृत्तीचेच साधन बसविणे, (४) साधनाची संरचना-फाइल नमुन्यावरून तयार करून योग्य जागी ठेवणे, (५) सेवा सुरू करणे व संगणक पुन्हा सुरू झाल्यावरही ती सुरू होईल अशी व्यवस्था करणे, (६) संरचना-फाइल बदलली असेल तरच सेवा पुन्हा सुरू करणे.

यांपैकी तिसरा टप्पा वारंवार दुर्लक्षिला जातो. ‘उपलब्ध असेल ती नवीनतम आवृत्ती’ असे लिहिल्यास जानेवारीत उभारलेला यजमान व जूनमध्ये उभारलेला यजमान यांत फरक पडतो. वर्णन एकच असूनही संगणक भिन्न होतात. सहाव्या टप्प्यातही जपावे लागते. मूळ मांडणीत डॉकरची सेवा पुन्हा सुरू केल्यास तिच्या आधीन असलेले सर्व कंटेनर थांबतात. ते चालू ठेवण्याची सोय आहे, परंतु ती संरचना-फाइलीत स्पष्टपणे मागावी लागते.

चौथ्या टप्प्यातील फाइलीत तीन बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. एक, डॉकरच्या मूळ मांडणीत कंटेनरांच्या नोंदवह्यांना आकारमर्यादा नसते; त्या वाढत जाऊन चकती भरते आणि सर्वच कंटेनर एकदम अडतात. मर्यादा नंतर घातली तरी ती नव्याने निर्माण केलेल्या कंटेनरांनाच लागू होते. म्हणून ती आरंभीच घालणे इष्ट. दोन, डॉकरचे अंतर्गत जाळे मुळात १७२.१७ या अंकांनी सुरू होणारे पत्ते वापरते. संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यातही तेच पत्ते असल्यास काही संगणकांशी संपर्क तुटतो व कारण लवकर सापडत नाही. तीन, कंटेनराचे पोर्ट बाहेर खुले केल्यावर डॉकर कर्नेलच्या गाळणीत स्वतःचे नियम घालतो. त्यामुळे यूएफडब्ल्यू यासारख्या साधनाने बंद केलेले पोर्ट प्रत्यक्षात उघडे राहू शकते. व्यवस्थापन-साधन ‘पोर्ट बंद आहे’ असे प्रामाणिकपणे कळविते, आणि तरीही ते बाहेरून उघडे असते. म्हणून बाहेरील संगणकावरून पडताळणी करणे आवश्यक ठरते.

कंटेनरांचे व्यवस्थापन : यजमान सिद्ध झाल्यावर त्यावरील कंटेनरांचे वर्णन त्याच साधनाने करता येते. अशा वर्णनात कंटेनराचे नाव, प्रतिमा व तिचा अंकीय ठसा, खुली करावयाची पोर्टे, जोडावयाच्या संग्रहजागा, स्मृतीची मर्यादा, बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचे धोरण आणि इष्ट अवस्था, म्हणजे चालू, थांबलेला अथवा नसलेला, या गोष्टी येतात.

अँसिबलमधील डॉकर-विभाग हे वर्णन चालू कंटेनराशी ताडून पाहतो. बहुतेक फरक आढळल्यास तो कंटेनर दुरुस्त करीत बसत नाही. जुना थांबवून काढून टाकतो व त्याच नावाचा नवा कंटेनर निर्माण करतो. याचा परिणाम असा की, कंटेनराच्या तात्पुरत्या थरात लिहिलेली माहिती जाते. विदागाराच्या फाइली किंवा वापरकर्त्यांनी पाठविलेली कागदपत्रे कंटेनराबाहेरच्या स्वतंत्र संग्रहजागेत, म्हणजे व्हॉल्यूममध्ये, ठेवलेली नसतील, तर एखादा किरकोळ बदलही त्या माहितीच्या नाशास कारण होऊ शकतो. म्हणून कोणती माहिती टिकावयाची व कोणती टाकाऊ आहे हा निर्णय वर्णन लिहिण्यापूर्वी घ्यावा लागतो. संग्रहजागा कंटेनरानंतरही टिकते हे खरे. पण तिची राखीव प्रत घेणे हे वेगळे काम असून ते स्वतंत्रपणे करावे लागते.

बदल लागू करण्यापूर्वी काय घडेल हे पाहण्याची सोय बहुतेक साधनांत असते. अशा कोरड्या फेरीत कोणते कंटेनर पुन्हा निर्माण होतील हे कळते. तसेच सर्व यजमानांवर एकदम बदल न करता ते थोडेथोडे हाताळावेत. पहिल्या गटात दोष दिसल्यास फेरी तेथेच थांबविता येते.

प्रतिमेला दिलेल्या खुणेविषयीही येथे सांगितले पाहिजे. भांडारातील प्रतिमांना ‘लेटेस्ट’ किंवा आवृत्तीचा क्रमांक अशी खूण लावलेली असते. परंतु खूण एका प्रतिमेवरून काढून दुसरीवर लावता येते. अंकीय ठसा मात्र त्या प्रतिमेपासून वेगळा करता येत नाही. वर्णनात केवळ खूण लिहिली असल्यास दोन यजमानांवर एकाच नावाखाली दोन भिन्न प्रतिमा चालू असू शकतात. ठसा लिहिल्यास हा संभव राहत नाही.

कामाची विभागणी : कंटेनर आल्यावर संरचना-व्यवस्थापनाची साधने कालबाह्य होतील असे मत काही वर्षे मांडले जात होते. चालू संगणकात बदल न करता तो बदलूनच टाकावा, हा विचार २०१३ च्या सुमारास ‘अविकारी पायाभूत रचना’ या अर्थाच्या नावाने पुढे आला आणि कंटेनर हे त्याचे ठळक उदाहरण ठरले. वरील वर्गीकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर कंटेनराने आज्ञावलीला एकरूपता मिळवून दिली. परंतु ज्या यजमानावर तो चालतो त्याला ती आपोआप मिळत नाही. यजमानाचा कर्नेल, कंटेनर चालविणारे साधन, चकत्या, वापरकर्ते, घड्याळ, जाळ्याचे नियम व प्रमाणपत्रे या गोष्टी प्रतिमेबाहेरच राहतात. त्यांना अभिसरणाचीच गरज असते. तेव्हा काम संपले नाही, त्याची हद्द सरकली. ही हद्द ज्या संस्थेत स्पष्ट आखलेली नसते, तेथे प्रतिमेचे काम यजमान-प्रशासकाचे आणि यजमानाचे काम प्रतिमा बांधणाऱ्याचे समजले जाते व दोन्ही राहून जाते.

दोन प्रसिद्ध दोषांवरून ही हद्द चांगली समजते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रनसी या साधनातील एक गंभीर दोष जाहीर झाला. कंटेनर प्रत्यक्ष सुरू करण्याचे काम डॉकरसह अनेक साधने रनसीकडे सोपवितात. कंटेनरात सर्वोच्च अधिकाराने चालणारी दुष्ट आज्ञावली या दोषामुळे यजमानावरील रनसीची फाइलच बदलू शकत होती आणि त्यायोगे सर्व यजमान ताब्यात घेऊ शकत होती. येथे प्रतिमा कितीही नव्याने बांधल्या तरी उपयोग नव्हता. दोष यजमानावर होता. ज्यांच्याकडे यजमानांची यादी व त्यांचे वर्णन तयार होते, त्यांना आवृत्तीचा एक आकडा बदलून सर्वत्र दुरुस्ती करता येणे शक्य होते.

डिसेंबर २०२१ मध्ये याच्या उलट प्रसंग आला. जावा भाषेतील लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत दूरवरून आज्ञा चालविता येईल असा दोष आढळला. ही लायब्ररी असंख्य आज्ञावलींच्या पोटात असल्यामुळे ती प्रतिमांच्या थरांत दडलेली होती. यजमानावरील लायब्ररी नवी केली, तरी प्रत्येक प्रतिमेत असलेली जुनी प्रत तशीच राहत होती. उपाय एकच होता : दोषी प्रतिमा शोधणे, त्या नव्याने बांधणे व सर्व कंटेनर नव्या प्रतिमांपासून पुन्हा निर्माण करणे. त्या एकाच महिन्यात लायब्ररीच्या २.१५, २.१६ व २.१७ अशा आवृत्त्या लागोपाठ निघाल्यामुळे हे काम पुनःपुन्हा करावे लागले. कोणत्या यजमानावर कोणत्या ठशाची प्रतिमा चालू आहे आणि त्या प्रतिमेत काय आहे याची नोंद नसेल, तर अशा वेळी शोध कोठून सुरू करावा हेच कळत नाही. पहिल्या दोषात यजमानाचे वर्णन उपयोगी पडते, दुसऱ्यात प्रतिमेचे. आणि दोन्ही वर्णने असली तरच संस्थेला आपण सुरक्षित आहोत की नाही हे सांगता येते.

प्रतिमा बांधण्याची कृती एका साध्या फाइलीत लिहितात. या फाइलीविषयीही एक गैरसमज आढळतो. तीच फाइल वापरली म्हणजे तीच प्रतिमा मिळते असे नाही. बांधणीच्या वेळी लायब्रऱ्या बाहेरून आणल्या जात असल्यास त्या दिवशी उपलब्ध असलेल्या आवृत्त्या प्रतिमेत येतात. एकरूपता बांधून झालेल्या प्रतिमेला असते, कृतीला नव्हे. म्हणून चाचणी झालेली प्रतिमाच पुढे न्यावी. प्रत्यक्ष वापरासाठी ती पुन्हा बांधू नये. प्रतिमा बांधण्यासाठीही प्लेबुके वापरावीत या हेतूने २०१६ साली ‘अँसिबल कंटेनर’ हा प्रकल्प सुरू झाला होता, पण तो पुढे बंद करण्यात आला. अभिसरणाचे साधन कोऱ्या पाटीवर एकदाच चालवावयाचे असेल, तर त्याच्या तपासणीच्या शक्तीचा फारसा उपयोग होत नाही.

गुप्त माहिती व अधिकार : पासवर्ड व चाव्या प्रतिमेत ठेवू नयेत. एका थरात ठेवून वरच्या थरात पुसली तरी खालच्या थरातील प्रत तशीच राहते आणि प्रतिमा मिळविणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. अशी माहिती व्यवस्थापन-साधनाने कूटबद्ध ठेवून कंटेनर सुरू करताना पुरवावी. अँसिबलमध्ये यासाठी व्हॉल्ट ही सोय आहे. इतर साधनांतही तिच्यासारख्या सोयी आहेत. परिवेशातील चलांमार्फत दिलेली गुप्त माहिती कंटेनराची पाहणी करण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला दिसते, हेही ध्यानात ठेवावे. मर्यादित परवानगीच्या फाइलीतून ती देणे अधिक चांगले. डॉकरच्या सेवेशी बोलण्याचा अधिकार ज्या वापरकर्त्याला मिळतो, त्याला नेहमीच्या मांडणीत त्या यजमानाचा सर्वोच्च अधिकार मिळाल्यासारखाच असतो. म्हणून डॉकर गटाचे सभासदत्व ही किरकोळ सोय न मानता तिचीही वर्णनात नोंद करावी.

समन्वयक प्रणाली : यजमान अनेक झाले की कोणता कंटेनर कोणत्या यजमानावर चालवावा हे माणसाने ठरविणे अवघड होते. गूगलने जून २०१४ मध्ये जाहीर केलेली कुबरनेटीस ही प्रणाली (पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०१५) हे काम करते. तिला इष्ट स्थिती सांगितली, उदा., या प्रतिमेचे पाच कंटेनर सदैव चालू असावेत, की तिचे नियंत्रक प्रत्यक्ष स्थितीशी सतत तुलना करीत राहतात. एखादा यजमान बंद पडल्यास त्यावरील कंटेनर दुसरीकडे निर्माण होतात. सीएफ-एंजिनमध्ये संगणकाच्या फाइलींना लावलेले अभिसरणाचे तत्त्वच येथे कंटेनरांच्या समूहाला लावलेले दिसते. मात्र समन्वयक प्रणाली ज्या यजमानांवर चालते त्यांची तयारी तिच्याही आधी कोणीतरी करावी लागते. कुबरनेटीस उभारणारा क्यूबस्प्रे हा प्रकल्प अँसिबलवरच आधारलेला आहे. एक-दोन यजमान व मूठभर कंटेनर असलेल्या कार्यालयाला अशा प्रणालीचा पसारा परवडत नाही. तेथे साधे प्लेबुक पुरेसे होते.

मर्यादा : वर्णन जितके पूर्ण, तितकीच ही पद्धत विश्वसनीय. वर्णनातून एखादा कंटेनर वगळल्याने तो यजमानावरून आपोआप जात नाही. ‘तो नसावा’ असे लिहावे लागते, नाहीतर विसरलेला कंटेनर वर्षानुवर्षे जुन्या दोषांसह चालत राहतो. तयार विभाग न वापरता सरळ आज्ञा लिहून काम भागविल्यास पुनरावृत्ति-निरपेक्षता नष्ट होते. शिवाय चुकीचे वर्णनही साधन तितक्याच तत्परतेने सर्वत्र लागू करते. हाताने केलेली चूक एका संगणकापुरती राहते, वर्णनातील चूक सर्व संगणकांवर जाते. यासाठी वर्णने आवृत्ति-नियंत्रणाखाली ठेवावीत, दुसऱ्या जाणकाराने ती तपासावीत आणि प्रथम चाचणीच्या यजमानावर लागू करावीत. सर्वांत निर्णायक कसोटी मात्र साधी आहे : एखादा यजमान पूर्णपणे पुसून, केवळ लेखी वर्णन, भांडारातील प्रतिमा व माहितीची राखीव प्रत यांच्या आधारे तो पुन्हा उभा करून पाहावा. त्यात जे उणे पडेल ते वर्णनात नव्हते, कोणाच्या तरी स्मरणात होते, असे समजावे.